दोन किलो सहाशे

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय.
होड्या वर ओढल्यात, खलाशी पत्ते कुटतायत,
आणि मी विहिरीवर बसून
मासळीचे दोन क्रेट घासतोय.
तीनदा पावडरने, एकदा लिंबाच्या सालींनी.
नाक घातलं की कोपऱ्यात अजून बांगडा आहे.
चौथ्यांदा घासतो.
दामोदर कुंपणावरून विचारतो, नवा माल काय रे?
म्हटलं, हो. सोमवारी उतरतोय.

बुरोंडीहून येतायत दोघी, मेव्हण्याच्या रिक्षातून.

मी गेलो होतो एकदा, बाराव्या दिवशी.
आत्तेसासू म्हणाली, हाताला डिझेल आहे तुमच्या,
आधी साबण लावा.
साबण लावून येईपर्यंत ती झोपली.

झबली एकवीस. मोजली,
कारण मोजल्याशिवाय मला कशातलंच काही कळत नाही.
अकरा बाळंतविड्यातली, कडक, लेसवाली,
मानेला टोचतील. ती तळाला.
सहा भावाच्या पोराची,
धुऊन धुऊन सायीसारखी झालेली.
चार रेहानाभाभींनी शिवली, आईच्या निळ्या लुगड्याच्या जुनेरातून.
काठ वाया घालवला नाही त्यांनी, टोपऱ्याला लावला.
ती चार सगळ्यात वर.

आमच्याकडे सुकलेलं कापड सुकलेलं नसतं.
दोरीवरून काढलं की गालाला लावून बघायचं.
लंगोट गालाला लावला तर
दाढीत धागा अडकला.
उठलो. दाढी करून आलो.
पुन्हा लावला. ओलाच होता.

सेफ्टीपिना तांदळाच्या बरणीत खुपसल्या,
नाहीतर खाऱ्या हवेने आठवड्यात तांबूस होतात.
धुरीची शेगडी दाराबाहेर. ओवा, वावडिंग पुड्यांत,
दुपटी पुठ्ठ्यावर, भिंतीला न टेकवता,
भिंत घाम गाळते.

प्रणिताला फोन लावला: वेखंड कुठे ठेवू?
म्हणाली, उजवीकडे.
आणि तेलाची बाटली?
उजवीकडे. सगळंच उजवीकडे ठेव.
का?
डावा हात तिच्या मानेखाली असेल ना.

मग सगळे क्रेट फिरवले.
खाटेच्या त्या बाजूला बसून,
डावा हात हवेत तसाच धरून,
उजव्याने एकेक उचलून बघितलं:
लंगोट. पीन. तेल. टोपरं.
पिनेची बरणी एका हाताने उघडेना.
झाकण काढून टाकलं, वर फडकं बांधलं.

बांधलं म्हणजे, जाळ्याची गाठ मारली.
तीही एका हाताने सुटेना.
मला ज्या गाठी येतात त्या सगळ्या
न सुटण्यासाठी शिकवलेल्या.
झबल्याच्या नाड्यांना मघाशी मीच घड्या घालून
एकेक गाठ मारून ठेवली होती, विस्कटू नयेत म्हणून.
एकवीस गाठी. रात्री साडेदहापर्यंत
सुईच्या टोकाने सोडवत बसलो.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
ती झाली त्या दिवशी फोनवर नुसता आकडा आला होता,
दोन किलो सहाशे.
संध्याकाळी लिलावाला वाळूत उभा होतो.
चोगल्यांच्या ढिगातली एक सुरमई काट्यावर टाकली,
दोन चारशे. दुसरी, दोन नऊशे.
तिसरी बरोबर भरली.
तिला घेतली दोन्ही हातांवर. आडवी. शेपटी कोपरापाशी.
ढिगापलीकडून बाई ओरडली,
घेणार की नुसता खेळवणार?

घेतली. एवढी महागाची सुरमई
आयुष्यात पहिल्यांदा घेतली आणि
खाल्ली मात्र नाही, शेजारी दिली.

आता ती चार किलोच्या वर गेली म्हणतात.
चार किलोचं काही
मी उचलून बघितलेलं नाही.
बावटा अजून आहे. लाटा धक्क्यावर येतायत.
खाटेच्या पायाला एक नाडी बांधून
सुरगाठ मारतो, ओढतो.
सुटते.
पुन्हा मारतो.